संगणक आणि घरांतील संवाद

संगणकाच्या अतिवापरानें मनुष्य आपल्याच माणसांस पारखा होतो काय, हा प्रश्न आतां घरोघरीं विचारला जातो. खिशांतील मोबाईल हाही एक लहानसा संगणकच होय, हें विद्यार्थिमित्रांनीं ध्यानांत ठेवावें.

अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें रॉबर्ट क्राउट व त्यांचे सहकारी यांनीं ७३ कुटुंबांतील १६९ माणसांस संगणक व इंटरनेट देऊन त्यांचें वर्ष-दोन वर्षें निरीक्षण केलें. ज्यांचा वापर अधिक, त्यांचें घरच्यांशीं बोलणें कमी झालें व एकटेपणा थोडा वाढला, असें त्यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें २००२ सालीं त्याच मंडळींनीं लिहिलें, कीं हे दुष्परिणाम बहुतांशीं ओसरले; बोलक्या स्वभावाच्या माणसांस तर या साधनाचा लाभच झाला, संकोची माणसांस तितका झाला नाहीं. आपलेंच पहिलें मत असें उघडपणें बदलणारे विद्वान् विरळाच!

तेव्हां दोष केवळ यंत्राचा नव्हे. ठोकरवाडीच्या धरणांत अडविलेलें आंध्रा नदीचें पाणी १९२२ सालापासून घाटाखालीं आपल्या भिवपुरीच्या विद्युद्गृहांत उतरतें. मूळचें तें इंद्रायणीकडे जाणारें. परंतु जें इकडे वळलें तें तिकडे जात नाहीं. वेळाचेंही तसेंच आहे. परगांवीं असलेल्या आजीशीं मोबाईलवर बोलण्यांत गेलेला अर्धा तास नातें जोडतो. एकट्यानें खेळ खेळण्यांत गेलेला तास मात्र कोणाच्या तरी वांट्याचा असतो.

यावर सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या गांवानें योजिलेला उपाय पाहण्यासारखा आहे. २०२० सालच्या टाळेबंदींत शाळा बंद झाल्या व मुलांच्या हातीं अभ्यासासाठीं मोबाईल आला. शाळा उघडल्या, पण मोबाईल कांहीं सुटेना. तेव्हां १५ ऑगस्ट २०२२ पासून गांवानें नियम केला, कीं सायंकाळीं सात वाजतां मंदिरावरील भोंगा वाजतांच दीड तास मोबाईल व दूरदर्शनसंच बंद ठेवावयाचे. प्रारंभीं अंगणवाडी सेविका व शिक्षक यांस घरोघर फिरून लोकांची समजूत घालावी लागली.

या योजनेचें मर्म भोंग्यांत आहे. एकट्या मुलानें मोबाईल खालीं ठेवला, तर त्यास काय दिसतें? आई मालिकेंत रमलेली, वडील मोबाईलांत डोकें घालून बसलेले, मित्र आपल्या घरीं खेळांत दंग. बोलावें कोणाशीं? मग तोही मुकाट्यानें मोबाईल उचलतो. संभाषणास दोन माणसें एकाच वेळीं मोकळीं असावीं लागतात. भोंगा सर्वांस एकदम मोकळें करतो.

आपल्याकडे सातची वेळ मात्र सर्वांस सोयीची नाहीं. मुंबईस नोकरीस जाणारे पालक त्या वेळीं बहुधा कर्जतच्या गाडींत उभेच असतात. भिवपुरी रोड स्थानकावर उतरून ते घरीं पोहोंचतील, हातपाय धुतील, पानें मांडलीं जातील. त्या घरांनीं आपला तास तेथून धरावा.