पाटीवरून छापखान्यापर्यंत

१८५५ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध दोन अंकांत छापला. मुक्ता साळवे तिचं नाव. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकत होती. विषय होता मांग-महारांचं दुःख. बाळंतपणातही डोक्यावर छप्पर नसलेल्या बायका त्यात होत्या. ज्या धर्माचे ग्रंथ वाचायलाही आम्हाला बंदी, तो धर्म आमचा कसा, हा प्रश्नही तिने त्यात सरळ विचारला होता.

हे ‘ज्ञानोदय’ मूळचं नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये ते इथे सुरू केलं, पुढे ते मुंबईला गेलं. त्याच मिशनच्या सिंथिया फरार नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत. त्या शाळा पाहून जोतीराव पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले, असं चरित्रकार सांगतात. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि मुक्ताचा सवाल त्यांना सोयीचाही होता, हे मान्यच केलं पाहिजे. पण दुःख तिचं होतं आणि शब्दही तिचेच होते. शाळेने तिला लिहायला शिकवलं, आणि लिहिलेलं छापायला एक नियतकालिक तयार होतं. या दोहोंपैकी एक नसतं, तर तो निबंध आपल्यापर्यंत आलाच नसता.

नगर जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण तर अधिक विलक्षण आहे, आणि त्याची आठवण आपण फारच कमी काढतो. १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केलं आणि नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते वर्षानुवर्षं चालवलं. मुकुंदराव हे कृष्णराव भालेकरांचे पुत्र. भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधू’ काढून जोतीरावांच्या सत्यशोधक विचाराला वर्तमानपत्र दिलं होतं. पण ते पुण्यातून निघालं. मुलाने छपाई थेट खेड्यात आणली आणि १९६७ मध्ये मृत्यू होईपर्यंत हा वसा सोडला नाही.

खेड्यात साप्ताहिक काढायचं म्हणजे काय, हे आज मोबाइलवर बातमी वाचताना सहज ध्यानात येत नाही. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, प्रूफ तपासायचं, फर्मा यंत्रावर चढवायचा. कागद शहरातून आणायचा, अंक टपालाने पाठवायचे आणि वर्गणीची वाट पाहायची. त्यात वाचक किती? १९११च्या जनगणनेत देशात शंभरांत जेमतेम सहा जण साक्षर होते. अशा काळात शेतकऱ्यासाठी पत्र काढणं हे धंद्याचं गणित नव्हतंच.

मुकुंदरावांनी सावकार, भटजी आणि कुलकर्णी यांच्यावर लेखणी चालवली. ‘कुलकर्णी लीलामृत’ हे त्यांचं गाजलेलं पुस्तक. रोख कुलकर्ण्यावर का, हे समजून घ्यायला हवं. गावाचं दप्तर त्याच्या हाती. जमीन कोणाची, बाकी किती, हे तो लिहील ते खरं. ज्याला वाचता येत नाही, त्याने अंगठा उठवायचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि लगेच १९१८ मध्ये कुलकर्णी वतन मोडलं. मला या दोन निर्णयांत सरळ नातं दिसतं.

आज साक्षरता कितीतरी वाढली आहे, पण बातमी कोणती हे ठरवण्याच्या खुर्च्या तितक्या बदललेल्या नाहीत. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत माध्यमांतल्या नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. दलित वा आदिवासी एकही नव्हता. मग पाथर्डी-शेवगावातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं बातमीत येतात ती अपघात झाला की, नाहीतर संप झाला की. ऊसतोडीच्या ठिकाणी कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून शाळा बुडालेल्या मुलीला स्वतःबद्दल काय सांगायचंय, हे तिला कोणी विचारत नाही.

नगरमध्ये ‘स्नेहालय’ या संस्थेचा ‘रेडिओ नगर’ हा सामुदायिक रेडिओ आहे, तो मोलाचाच. पण सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला नियमानेच मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. लोकांच्या हाती माध्यम द्यायचं आणि त्यातून बातमीच काढून घ्यायची, हे मला अन्यायाचं वाटतं. तो नियम बदलायला हवा.

तोवर शाळेला करण्यासारखं बरंच आहे. दहावीच्या मराठीत बातमीलेखन आहेच. मात्र प्रश्नपत्रिकेतली बातमी बहुधा काल्पनिक शाळेच्या वृक्षारोपणाची किंवा वक्तृत्व स्पर्धेची असते. प्रमुख पाहुणे येतात, मार्गदर्शन करतात, आभारप्रदर्शन होतं आणि गुण मिळतात. मुलाने कोणाला काही विचारलेलं नसतं. ही मुलं उद्या वाचक होतील, फार तर बातम्या पुढे ढकलणारी होतील. बातमी कशी मिळवतात आणि तपासतात, हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसेल.

म्हणून नगर जिल्ह्यातल्या मराठीच्या शिक्षकांना एक विनंती आहे. यंदा बातमीलेखनाच्या तासाला मुलांना वर्गाबाहेर पाठवा. टँकर कधी आला, एसटी का बंद झाली, ऊसतोडीला गेलेली वर्गातली मुलं परत कधी येणार, हे त्यांनी दोन माणसांना विचारून लिहावं. विचारायच्या माणसांत एक तरी बाई असावी. आणि त्यातली चांगली बातमी तालुक्याच्या वर्तमानपत्राकडे पाठवा, मुलांची परवानगी घेऊन, त्यांच्या नावानिशी.