पट्टा, पोट आणि न्यूटन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. चुलत वहिनीला सहावा महिना चालू होता. आम्ही सगळे गाडीने गावी निघालो होतो. दादा गाडी चालवत होता, वहिनी शेजारी, मी आणि काकू मागे. निघाल्यावर पाचच मिनिटांत काकू म्हणाल्या, "अगं, तो पट्टा काढ बाई. बाळ दाबलं जाईल." वहिनीने निमूटपणे पट्टा काढला. मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, पण मलाही ते बरोबरच वाटलं. तासाभराने समोर एक बिनदिव्याचा ट्रॅक्टर आला आणि दादाने करकचून ब्रेक मारला. टक्कर झाली नाही, पण वहिनीचं पोट डॅशबोर्डला लागलं. ती म्हणाली, "मी ठीक आहे." काकूंनी देवाला हात जोडले. दादाने मात्र कोणाचं न ऐकता गाडी सरळ हॉस्पिटलला घेतली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पट्टा लावला होता का?" आम्ही तिघंही गप्प. मग त्यांनी वहिनीला चार तास मशीन लावून झोपवून ठेवलं. सुदैवाने सगळं ठीक निघालं. पण "मी ठीक आहे" म्हणणाऱ्या बाईला चार तास का ठेवलं, हे मला कळेना. सुट्टी संपल्यावर लायब्ररीत बसून ते शोधलं. जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं, कारण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी एखादी ताई किंवा वहिनी असतेच.

आधी थोडं मेकॅनिक्स

घाबरू नका, फर्स्ट इयरचंच आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. या वेगाने आदळणं म्हणजे जवळजवळ १० मीटर उंचीवरून पडणं. आपल्या होस्टेलच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघा, म्हणजे अंदाज येईल.

गाडी थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जातच राहतो. न्यूटनचा पहिला नियम. त्याला कुठेतरी थांबायचं असतं, आणि किती अंतरात थांबतो यावर सगळं अवलंबून असतं. पट्टा असेल तर गाडीचा पुढचा भाग चेपतो, पट्टा थोडा ताणला जातो आणि माणूस समजा ६० सेंटिमीटरमध्ये थांबतो. तेव्हा ६० किलोच्या बाईवर येणारं बल होतं जवळजवळ एक टन वजनाइतकं. पट्टा नसेल तर तीच बाई डॅशबोर्डवर ५-६ सेंटिमीटरमध्ये थांबते. अंतर दहावा हिस्सा, म्हणून बल दहापट! आणि "मी हाताने धरून बसेन" असं कोणी म्हणत असेल, तर त्याला विचारा की एक टन हातावर पेलतोस का.

म्हणजे पट्टा पोटाला दाबतो ही भीती अगदी खोटी नाही. पण पट्टा नसेल तर जे दाबतं ते पट्ट्यापेक्षा कितीतरी भयंकर असतं.

आत काय होतं?

पहिले तीन महिने गर्भाशय आईच्या कंबरेच्या हाडांच्या आत असतं, म्हणजे चांगल्या मजबूत चिलखतात. नंतर ते वर येतं आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास बेंबीपर्यंत पोचतं. आता पुढे हाड नाही. बाळाभोवती पाणी असतं, ते धक्का बराच सोसतं. म्हणून बाळाला थेट मार लागणं त्या मानाने कमी. शेवटच्या महिन्यात डोकं खाली आलेलं असताना आईच्या कंबरेचं हाड मोडलं, तर मात्र बाळाच्या कवटीला इजा होऊ शकते.

खरा धोका वेगळाच आहे, आणि तो आपल्या 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'मधला आहे. गर्भाशयाची भिंत स्नायूची, रबरासारखी ताणली जाणारी. तिला आतून चिकटलेली वार मात्र तशी ताणली जात नाही. फुग्यावर कागदी स्टिकर चिकटवा आणि फुगा जोरात दाबा. फुगा आकार बदलतो, स्टिकर बदलत नाही, आणि कडेने सुटायला लागतो. यालाच आपण शिअर म्हणतो. धक्क्याने गर्भाशयाचा आकार क्षणभर बदलला की वार तशीच सुटू शकते. बाळाचा ऑक्सिजन आणि अन्न या वारेतूनच येतं. ती थोडी सुटली तरी बाळ संकटात, बरीच सुटली तर बाळ दगावतं. आईला मोठा मार लागलेला नसतानाही हे होऊ शकतं.

आणि हे बाहेरून दिसेलच असं नाही. रक्त वारेच्या मागेच साठून राहू शकतं. शिवाय गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं. त्यामुळे बरंच रक्त गेलं तरी तिची नाडी आणि ब्लडप्रेशर काही वेळ ठीक दिसतात. शरीर आधी आईला वाचवतं आणि गर्भाशयाकडचा रक्तपुरवठा कमी करतं. थोडक्यात, आई ठीक आहे म्हणून बाळ ठीक आहे, हे गणित चुकीचं आहे. चार तासांचं कोडं मला इथे सुटलं. ते मशीन बाळाचे ठोके आणि गर्भाशयाच्या कळा एकत्र नोंदवतं, आणि वार सुटत असेल तर त्याची खूण बहुतेक वेळा तिथेच आधी दिसते.

गरोदर डमी

स्वीडनच्या नील्स बोलिन या इंजिनिअरने १९५९ मध्ये व्होल्वोसाठी आजचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा बनवला. पण क्रॅश टेस्टचे डमी कित्येक वर्षं पुरुषांच्याच मापाचे होते. गरोदर बाईचा विचार फार उशिरा झाला. १९९६ मध्ये अमेरिकेत पर्लमन आणि व्हियानो यांनी गरोदर डमी वापरून केलेल्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. पट्टा पोटाच्या खालून न जाता पोटावरून गेला, तर गर्भावर जाणारं बल खूप वाढतं, असं त्यांना दिसलं. २००२ च्या सुमारास व्होल्वोने 'लिंडा' नावाचं गरोदर बाईचं कॉम्प्युटर मॉडेल तयार केलं. पुढे २००८ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी खरे अपघात तपासले आणि निष्कर्ष तोच निघाला, की नीट लावलेला पट्टा बाळाला वाचवतो.

मग पट्टा लावायचा कसा?

खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, कंबरेच्या दोन्ही हाडांवर टेकलेला. म्हणजे बल हाडांवर जातं, गर्भाशयावर नाही. वरचा पट्टा खांद्यावरून, छातीच्या मधून आणि पोटाच्या बाजूने. तो काखेतून किंवा पाठीमागून घ्यायचा नाही. जाड स्वेटर किंवा शालीवरून पट्टा नको, ढिला राहतो. गाडी चालवत असेल तर छाती आणि स्टिअरिंग यात किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं. एअरबॅग बंद करायची नाही, पण ती पट्ट्याच्या जोडीला असते, पट्ट्याऐवजी नाही. मागच्या सीटवरही पट्टा हवाच, आपल्याकडे तो कायद्यानेही सक्तीचा आहे.

आणखी एक. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात पाच लाखांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासल्या, त्याचा निष्कर्ष २०१४ मध्ये आला. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत त्या स्वतः गाडी चालवत असताना होणारे गंभीर अपघात आधीपेक्षा ४२ टक्क्यांनी वाढलेले होते. उलट्या थांबलेल्या, पोट अजून फार जड नाही, म्हणजे "मी ठीक आहे" म्हणायचे हेच महिने!

धक्का बसलाच तर

दुखत नसलं तरी हॉस्पिटलला जायचं. साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर निदान चार तास बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. मिनिटाला ११० ते १६० ठोके ठीक मानतात. रक्तस्राव, पोटात दुखणं, पोट दगडासारखं कडक होणं, पाणी जाणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर एक मिनिटही थांबायचं नाही. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते डॉक्टरांना लगेच सांगायचं, कारण अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावं लागतं. रस्त्यात अशी बाई अपघातात सापडली तर १०८ ला फोन करताना ती गरोदर असल्याचं आवर्जून सांगा. तिला सरळ पाठीवर न ठेवता डाव्या कुशीला ठेवणं चांगलं, नाहीतर गर्भाशयाच्या वजनाने मोठी रक्तवाहिनी दबते. मान किंवा पाठीला मार असेल तर मात्र उगाच हलवू नका.

वहिनीला फेब्रुवारीत मुलगी झाली. तिला घरी आणायला दादाची तीच गाडी गेली होती. वहिनी गाडीत बसल्याबरोबर काकू म्हणाल्या, "आधी पट्टा लाव." न्यूटन काकूंना कोणी शिकवला नव्हता. तो ट्रॅक्टरवाला शिकवून गेला. तुमच्या घरी शिकवायला ट्रॅक्टर यायची वाट बघू नका. पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा तुम्हीच सांगा.