लवंगांच्या बेटावर

आमच्या बीड जिल्ह्यातील वडवणीकडे येसर मसाला भाजताना तेलात पडलेल्या लवंगेचा उग्र दरवळ ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचे झांझिबार बेट सर्वस्वी परके वाटू नये. लवंग म्हणजे न उमललेली कळी. ती फांदीवरून हाताने खुडून, चटयांवर कित्येक दिवस उन्हात वाळवावी लागते. मोलुक्का बेटांतून निघालेले हे झाड एकोणिसाव्या शतकात येथे रुजले आणि ओमानच्या सय्यद सैद सुलतानाने मस्कत सोडून आपली राजधानीच येथे आणली. बंदरावरील जकातीचा मक्ता मात्र जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता, आणि बाजारात आपला हिंदुस्थानी रुपया चालत असे.

झांझिबारच्या स्टोन टाउन या जुन्या शहरभागाच्या अरुंद गल्ल्यांतून, पितळी खिळ्यांच्या कोरीव दरवाजांवरून हात फिरवीत जाताना मन प्रसन्न होते. परंतु पुढे, 1873 साली बंद झालेल्या गुलामांच्या बाजारपेठेच्या जागी उभे असलेले ख्रिस्तमंदिर दिसले की पाऊल थबकते. लवंगांच्या ज्या बागांनी सुलतानाची दौलत वाढविली, त्या बहुतांशी गुलामांच्याच श्रमांवर फुलल्या होत्या, आणि माझ्या मते तेथे जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने प्रथम याच स्थळी जावे. ऊसतोडीसाठी घरदार सोडून जाणारी बीडची कुटुंबे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला तेथून लवकर निघवत नाही. बाहेर बाजारात लवंगा मापाने विकल्या जात असतात.