वाड्याचा जीर्णोद्धार आणि त्याच्या अवयवांची नावे

वाईनजीक कृष्णेच्या काठी मेणवली येथे नाना फडणवीस (१७४२–१८००) यांनी बांधविलेला वाडा आहे. नानांच्या कागदपत्रांचा संग्रह ‘मेणवली दप्तर’ या नावाने इतिहाससंशोधकांस परिचित आहे. अशा दप्तरातील एखादे पत्र पुसट झाले, म्हणून त्यावर नव्या शाईने कोणी गिरवीत नाही. जुन्या वाड्यांच्या बाबतीत मात्र हा विवेक पुष्कळदा सुटतो आणि दुरुस्तीच्या ओघात मूळ वास्तूच नाहीशी होते.

ही हानी टाळण्यास वाड्याची परिभाषा उपयोगी पडते. वाड्याच्या प्रत्येक अवयवास स्वतंत्र नाव असून त्यातून त्याचे स्थान वा कार्य सूचित होते. ‘माजघर’ म्हणजे मधले घर. संस्कृत ‘मध्य’, प्राकृत ‘मज्झ’, मराठी ‘माज’ अशी त्याची परंपरा. या मधल्या घरास उजेड व वारा मिळतो तो चौकातून. चौकावर पत्रे घातले की माजघर अंधारते. ‘खण’ म्हणजे दोन खांबांमधील अंतर. घराचे मान खणांनी सांगतात, कारण मजल्याचा बराच भार तुळयांवाटे खांबांवर उतरतो. दालन प्रशस्त करण्यासाठी एक खांब काढल्यास दोन्ही बाजूंचे खण निराधार होतात. खांबाखालील दगडी ‘तळखडा’ लाकडास जमिनीच्या ओलीपासून दूर ठेवतो. नव्या फरशीखाली तो बुजला की खांबाचा बुंधा कुजू लागतो.

गिलाव्याचेही तसेच आहे. माती व चुना यांच्या भिंती पावसाळ्यात ओल घेतात आणि पुढे ती सोडतात. सिमेंटच्या गिलाव्याने ही वाट बंद होते आणि वरून नीटस दिसणारी भिंत आतून खचते. अशा भिंतीस चुन्याचाच गिलावा योग्य होय.

मूळ रूप कोणते, हा प्रश्न याहून अवघड आहे. ‘चौक’ व ‘खांब’ हे शब्द प्राकृतातून आले, ‘दिवाणखाना’ फारसीतून, तर ‘महिरप’ मुळात अरबी. यांपैकी एकच थर अस्सल मानून इतर शब्द वगळल्यास मराठी अधिक प्राचीन होत नाही, दरिद्री मात्र होते. वाड्यातही पिढ्यापिढ्यांची भर असते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने प्रत्येक काळाच्या ग्राह्य भरीचा मान राखावा, नवा भाग जुन्याशी सुसंगत तरीही ओळखू येईल असा असावा, आणि जेथे केवळ तर्क उरतो तेथे पुनर्रचना थांबावी, असे तत्त्व घालून दिले. पाठचिकित्सकही गळलेल्या अक्षरांची पूर्ती कंसात दाखवितो, ती याच न्यायाने.

म्हणून कामास आरंभ करण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस व जुन्या सुतारगवंड्यांस विचारून आराखड्यावर प्रत्येक अवयवाचे नाव लिहून घ्यावे. ज्याचे नाव व काम समजले नाही, तो अवयव काढण्याची घाई करू नये.