जाहिरातींच्या गर्दीत हरवलेला विजेचा इशारा

२० जुलै २०२३. सकाळी साडेदहाच्या आसपास राज्यात अनेकांचे मोबाईल एकाच वेळी कर्कश वाजू लागले. रिंगटोन ओळखीची नाही, फोन थरथरतोय आणि सगळा पडदा व्यापून एक चौकट: आपत्कालीन सूचना, गंभीर. आधी इंग्रजीत, थोड्या वेळाने मराठीत. मजकूर वाचेपर्यंत धीर कुणाला होता? वाशिमच्या बाजारात चहाच्या टपरीवर एका शेतकऱ्याने फोन हातातून टेबलावर टाकला. “थो भोंगा कसा वाजून राह्यला, मले वाटलं बॅटरीच फुटते आता!” बाकीचे हसले, पण आपापले फोनही जरा लांबच धरून बसले.

ती चाचणी होती. दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण मिळून देशभर आणीबाणीचे इशारे देणारी यंत्रणा उभी करत होते, तिची. ‘काही करण्याची गरज नाही, दुर्लक्ष करा’ असं संदेशातच लिहिलं होतं. योगायोग मात्र वाईट होता. आदल्याच रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती आणि सकाळी टीव्हीवर तीच दृश्यं चालू होती. दोनच दिवसांनी, २२ जुलैला, आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढा घातला आणि माणसं काढायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं. अशी यंत्रणा कशासाठी हवी, हे त्याच आठवड्याने दाखवून दिलं.

आपल्याकडे त्यानंतर काय झालं? ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरमध्येही चाचण्या झाल्या, भोंगा पुन्हा पुन्हा वाजला आणि घरातल्या मोठ्यांनी फोन पोरांच्या हातात दिला. “बाबू, बंद करून दे बरं हे.” पोराने सेटिंगमध्ये जाऊन सगळीच बटणं बंद केली. चाचणीचं बटण बंद झालं आणि सोबत खऱ्या इशाऱ्याचंही. अनेक घरांत ते अजून तसंच बंद असेल. हा लेख मुख्यतः त्या बटणासाठी आहे. पण ते पुन्हा चालू करा असं सांगण्याआधी, फोन वाजला की आपल्याला वैताग का येतो, हे बघावं लागेल.

जून महिन्यातला वाशिम जिल्ह्यातला कुठलाही मेसेज बॉक्स उघडा. कारंजा असो की रिसोड, चित्र एकच. तुमचं दोन लाखांचं कर्ज मंजूर झालंय. रमी खेळा, बोनस मिळवा. डेटा नव्वद टक्के संपला. अकोल्यात प्लॉट, बुकिंग फक्त आजच. मग बँकेत जमा झालेल्या पैशांचा संदेश, पीकविम्याचा ओटीपी, पुन्हा रमी. या ढिगात कुठेतरी कृषी विभागाचा सल्ला आणि हवामान खात्याचा निरोप: पुढील तीन तासांत अकोला, बुलढाणा, वाशिम जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस. तो वाचला जातो दुसऱ्या दिवशी, बहुधा पुसून टाकताना.

यात शेतकऱ्याचा दोष मला फारसा दिसत नाही. त्याचा नंबर गेल्या काही वर्षांत किती ठिकाणी लिहिला गेलाय ते बघा. बियाण्याच्या पावतीवर, पीक पाहणीच्या ॲपवर, विम्याच्या अर्जावर, आधारला, बँकेला, गॅसला, मुलीच्या शिष्यवृत्तीला. म्हाताऱ्या बापाच्या पेन्शनचा संदेशही मुलाच्याच फोनवर येतो. नंबर बदलायचा म्हटलं तर निम्मं आयुष्य पुन्हा नोंदवावं लागेल. त्यामुळे नंबर तोच राहतो आणि त्याच्यामागे जाहिरातींचा पसाराही.

हा पसारा कमी करायची सरकारी सोय जुनी आहे, फुकट आहे, तिचा उपयोग मात्र कमी होतो. १९०९ हा क्रमांक. त्यावर इंग्रजीत स्टार्ट लिहून, एक जागा सोडून शून्य टाकून एसएमएस पाठवला की सर्व प्रकारच्या जाहिराती नको असल्याची नोंद होते. मेसेज जमत नसेल तर त्याच क्रमांकावर फोन करा. सगळं नको, काही चालेल असंही सांगता येतं: कर्ज-विमा, जमीनजुमला, शिक्षण, आरोग्य, वाहनं आणि वस्तू, मनोरंजन, पर्यटन, खाणंपिणं असे गट पाडलेले आहेत.

“केलं होतं, तरी येतातच” ही तक्रार खरी आहे. तिची कारणं दोन. ज्या दुकानाला, बँकेला किंवा ॲपला तुम्ही कधीतरी संमती दिली, त्यांचा संदेश ही नोंद ओलांडून येऊ शकतो. आणि ती संमती आपण कर्जाचं ॲप उघडताना, न वाचता, अंगठ्याच्या एका टिचकीने दिलेली असते. दुसरं कारण, काही लोक नियम पाळतच नाहीत: साध्या दहा आकडी नंबरवरून धंदा करतात. त्यांच्याविरुद्ध तक्रार करणं हाच उपाय, आणि १२ फेब्रुवारी २०२५ला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नियम बदलल्यापासून तक्रारीला जरा दात आले आहेत. संदेश आल्यापासून सात दिवसांत तक्रार करता येते, आधी तीनच दिवस होते. नोंदणी नसलेल्या पाठवणाऱ्याविरुद्ध कारवाईला तीस दिवसांऐवजी पाच दिवसांची मुदत आहे आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होते. पहिल्या खेपेला पंधरा दिवस त्याच्याकडून जाणारे फोन आणि संदेश बंद, पुन्हा सापडला तर वर्षभरासाठी सगळ्या जोडण्या बंद. अशी तक्रार करायला आधी १९०९वर नोंद असण्याचीही अट राहिलेली नाही. म्हणजे एका गावातल्या पाच जणांनी मनावर घेतलं तरी पुरे.

त्याच बदलाने एक फार कामाची खूण दिली. कंपन्यांच्या आणि खात्यांच्या एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनाही एवढी चार अक्षरं चित्रासारखी ओळखता येतील. घरातल्या शाळकरी मुलीने एकदा बसून शिकवावीत. ‘तुमचा पीएम किसानचा हप्ता थांबला आहे’ असा संदेश साध्या दहा आकडी नंबरवरून आला की तो खोटा, हे त्या क्षणी कळतं.

व्हॉट्सॲपवर मात्र ही खूण नाही, आणि लुटारूंनी तेच दार धरलं आहे. पीएम किसान, आरटीओचं चलान, लग्नाची पत्रिका अशा नावाने एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाईल येते. ती ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. ती उघडून बसवली की पुढचे ओटीपी तुमच्याआधी चोर वाचतो. एक गोष्ट घरात सगळ्यांना ठाम सांगून ठेवा: कुठलंही सरकारी खातं व्हॉट्सॲपवर एपीके पाठवून हप्ता देत नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३०ला फोन लावा. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. पैसे गेले नाहीत, फक्त संशयास्पद फोन किंवा संदेश आला, तर ‘संचार साथी’च्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे कळवा.

जुन्या कीपॅड फोनवाल्यांचा त्रास वेगळा. पडद्यावर आपोआप चौकट उगवते आणि चुकून ‘ओके’ दाबलं तर काहीतरी सुरू होऊन बॅलन्स कटायची भीती. हा एसएमएस नसतो, सिममधूनच येतो. मेनूत सिम टूलकिट उघडून कंपनीच्या नावाखाली असलेली ती सेवा थांबवता येते. गंमत म्हणजे या चौकटींचं तंत्र आणि आणीबाणीच्या इशाऱ्याचं तंत्र एकमेकांचे नातलग आहेत. वीस वर्षांपूर्वी नोकियाच्या पडद्यावर टॉवरच्या गावाचं नाव झळकायचं, आठवतं? तेही याच तंत्राने, त्याचं नाव सेल ब्रॉडकास्ट.

एसएमएस एकेका नंबरला जातो. लाखो नंबरांना पाठवायचा तर वेळ लागतो, आणि संकटात सगळेच फोन लावत असल्याने तो अडकूनही पडतो. सेल ब्रॉडकास्टला तुमचा नंबरच लागत नाही. टॉवर आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनांना एकदम हाक देतो, गावच्या दवंडीसारखी: जो हद्दीत आहे त्याला ऐकू येईल, मग तो मालेगावचा रहिवासी असो की समृद्धी महामार्गावरून मुंबईकडे निघालेला नागपूरकर. इंटरनेट लागत नाही. गर्दीचा अडथळा येत नाही. १९०९वरची जाहिरातबंदी याला लागू नाही, कारण ही जाहिरात नाही. आणि या इशाऱ्यात ओटीपी, बँक खातं किंवा पैसे मागितले जात नाहीत. तसं काही मागणारा ‘इशारा’ आला तर तो थेट खोटा समजा.

तर ते बटण. अँड्रॉइड फोनमध्ये कंपनीगणिक जागा बदलते, म्हणून मेनू पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. सेटिंगमधल्या शोधाच्या चौकटीत ‘वायरलेस’ किंवा ‘इमर्जन्सी’ टाका. वायरलेस आपत्कालीन सूचना असं पान निघेल. त्यात अतिगंभीर धोका आणि गंभीर धोका ही दोन बटणं चालू ठेवा. चाचणी संदेशाचं बटण वेगळं असतं, भोंग्याचा त्रास होत असेल तर फक्त तेवढं बंद करा. आयफोनमध्ये सेटिंग, मग नोटिफिकेशन्स, पान अगदी तळापर्यंत सरकवा आणि तिथे इशारे चालू ठेवा. एवढंच काम आहे.

वाशिमसारख्या जिल्ह्यात या इशाऱ्याचं महत्त्व पुराइतकंच विजेमुळे आहे. इथली शेती सोयाबीन-तुरीची. जूनमध्ये पेरणी आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये सोंगणी. पाऊस येतानाचे आणि परततानाचे हेच दिवस विजांचेही. वावर मोकळं, आडोसा म्हणजे बांधावरचं एकटं कडुनिंबाचं झाड. आभाळ भरलं की बायामाणसं त्याच्याखाली धावतात आणि वीज नेमकी अशाच झाडावर पडते. फोनही त्याच झाडाच्या फांदीला डब्याच्या पिशवीत टांगलेला असतो. इशारा वाजला तरी चार सरी पलीकडे खुरपणाऱ्या बाईला तो ऐकू जाणार नाही. पेरणीच्या आणि सोंगणीच्या दिवसांत टोळीतल्या एकीने तरी फोन अंगावर बाळगावा, आवाज पूर्ण ठेवून.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप यासाठी फोनमध्ये असायलाच हवं. तुम्ही जिथे उभे आहात त्याच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिसरात वीज पडत आहे का, हे ते दाखवतं. त्याला इंटरनेट आणि लोकेशनची परवानगी लागते. इतर ॲपना ही परवानगी देताना दहादा विचार करा, याला द्या. आणि वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीसही आकडे मोजून होत नसतील, तर हातातलं काम तिथेच टाकून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. वीज पडून माणूस गेला तर सरकार वारसाला चार लाख देतं, हे गावात प्रत्येकाला पाठ आहे. अर्ध्या तासाचं हे गणित फार थोड्यांना माहीत आहे.

हे सगळं झालं आपल्या बाजूचं. आता इशारा देणाऱ्यांच्या बाजूचं. ‘वाशिम जिल्ह्यात तुरळक ठिकाणी’ या शब्दांवर कुणी पेरणी थांबवत नाही, थांबवूही शकत नाही. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत सहा तालुक्यांच्या जिल्ह्यात तुरळक ठिकाण म्हणजे नेमकं कोणाचं वावर? आठवड्यात चार वेळा असा संदेश आला आणि चारही वेळा आपल्याकडे ऊन पडलं, तर पाचव्यांदा वाचणार कोण? खोट्या इशाऱ्याची किंमत अमेरिकेच्या हवाई राज्याने १३ जानेवारी २०१८ला मोजली. क्षेपणास्त्र येत असल्याचा चुकीचा संदेश तिथे गेला आणि दुरुस्तीचा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटं लागली. आपल्याकडचे इशारे खोटे नसतात, पण इतके मोघम असतात की त्यांची गत रमीच्या जाहिरातीसारखीच होते.

नेमकेपणा अशक्य नाही. राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर पाऊस मोजायला ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं आहेत. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी, हा निकष मंडळनिहाय लावला जातो. विम्यासाठी सोयाबीनचं उत्पादनही मंडळ धरूनच मोजतात. सेल ब्रॉडकास्टला तर निवडक टॉवरपुरतीच हाक देता येते. नुकसान मोजताना सरकारला मंडळ दिसतं, मग इशारा देतानाही दिसलं पाहिजे. पेरणीआधीच्या ग्रामसभेत हा एक ठराव घ्या: वादळ-विजेचा इशारा मंडळाचं नाव घेऊन, मराठीत आणि वेळ सांगून यावा. ठरावाची प्रत तहसीलदारांना आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला द्या, पोच घ्या. आणि त्याच सभेत, सगळे बसलेले असतानाच, एकमेकांच्या फोनमधलं ते बटण चालू आहे का बघून घ्या.