झाकणांचा डबा

सकाळी ६.४०

पुण्यातल्या नगर रस्त्यावरचा मजूर अड्डा. थापी, घमेलं, जेवणाची पिशवी घेऊन माणसं मुकादमाच्या टेम्पोकडे डोळे लावून उभी आहेत. आमचं काम लहान मुलांच्या आईबापांसोबत; बापांना गाठायचं तर हीच वेळ. एकदा साइटवर गेले की रात्रीच परततात. मी दोनच गोष्टी विचारते : घरी किती वाजता पोचता, आणि सुट्टी कधी? नांदेडकडचा एक तरुण बाप उत्तर देऊन झाल्यावर म्हणाला, "ताई, पोरीशी बोला म्हणता, पण तिच्याशी काय बोलायचं? ती कुठं बोलतीय अजून." लेक आठ महिन्यांची. वहीत त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

८.१०

केसनंद फाटा. २०२४ च्या डिसेंबरात इथं पदपथावर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. तिघं गेली, त्यांत दोन तान्ही लेकरं. माणसं अमरावतीकडून कामासाठी आलेली. या फाट्यावरून जाताना 'पालकांचं प्रबोधन' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. ज्यांना रात्री पाठ टेकायला जागा नाही, त्यांना आधी जागाच हवी. ते मागणं सोडून देऊन कुठलाही पालक-कार्यक्रम वस्तीत न्यायचा नाही, हे आम्ही आपसांत ठरवलेलं आहे.

९.३०

टेबलावर तीन प्रस्ताव. त्यांतला एक निवडून पाच वाजता देणगीदारांना सांगायचा आहे.

पहिला : मंगल कार्यालय घेऊन ५०० पालकांसमोर नामवंत वक्त्याचं व्याख्यान. दुसरा : मोबाइलवर रोज एक व्हिडिओ. तिसरा : वस्तीतल्याच बाईनं दर आठवड्याला घरी जाऊन, आई-मुलासोबत तासभर खेळायचं. दोन वर्षं.

व्याख्यानाचा कागद मी लगेच बाजूला ठेवला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या संशोधकांनी २००८ मध्ये पालक-कार्यक्रमांची ७७ मूल्यमापनं एकत्र तपासली. ज्या कार्यक्रमांत आईबाप शिकतानाच स्वतःच्या मुलाबरोबर ती गोष्ट करून पाहतात, त्यांचा परिणाम मोठा दिसला. कार्यालयात खुर्चीवर बसलेल्या आईच्या मांडीवर मूल झोपलेलं असतं, नाहीतर घरी ठेवलेलं असतं. व्हिडिओचं म्हणाल तर घरातला एकुलता एक फोन दिवसभर बापाच्या खिशात असतो.

तिसऱ्याची मुळं जमैकात आहेत. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली, वाढ खुंटलेली १२९ मुलं, वय ९ ते २४ महिने. १९८६ च्या सुमारास सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी त्यांचे गट पाडले : काहींना पूरक आहार, काहींच्या घरी आठवड्याला तासभराची भेट, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तर ज्यांच्या घरी खेळायला कुणी येत होतं, त्यांची कमाई २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या आहाराचा असा टिकाऊ फायदा दिसला नाही. म्हणून आहार नको असं कुणी म्हणू नये. भुकेल्या लेकराला आधी घास. पण आपल्याकडे अंगणवाडीत पोराचं वजन होतं, खाऊ मिळतो, आणि त्याच्याशी कोण किती बोलतं हे विचारायचं राहून जातं.

जमैका लांब आहे, हा आक्षेप येणारच. त्यासाठी ओडिशातल्या कटकच्या अभ्यासाचा कागद वर काढला : ५४ वस्त्या, ४२१ मुलं, भेटी देणाऱ्या तिथल्याच बायका, १८ महिने. मुलांची समज वाढली.

११.४५

खाणीजवळची वस्ती. नव्वदच्या दशकात 'संतुलन' या संस्थेनं वाघोलीच्या खाणींवर पाषाणशाळा सुरू केल्या, म्हणून शाळेचं नाव इथं परकं नाही. मात्र दीड वर्षाच्या मुलाचंही शिक्षण असतं, हे ऐकून बायका पदर तोंडाला लावतात.

घरभेटी करणारी आमची ताई महिनाभर पाच घरी जाऊन पाहते आहे. आज मी दाराशी नुसती बसले. तिनं पत्र्याचा डबा उघडला. आत पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, निळी आणि पांढरी. एक झाकण तिनं आत टाकलं. खण्ण. पोरगं दचकलं, मग हसलं. मग ताईनं डबा आईकडे सरकवला. मला वाटतं, सगळा कार्यक्रम त्या सरकवण्यात आहे. ताईच खेळत राहिली असती तर पोराला एक तास मजा आली असती, एवढंच. आईनं झाकण हातात घेतलं, अडखळली, मग म्हणाली, "निळं. हे बघ निळं. टाक." पोरानं ते तोंडात घातलं. आईनं काढलं, पुन्हा दिलं. चौथ्यांदा डब्यात पडलं तेव्हा तिनं आधी आमच्याकडे पाहिलं नाही, पोराकडे पाहिलं.

२.००

अंगणवाडी. सेविकाताईंना 'आरंभ' ठाऊक आहे. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय, युनिसेफ आणि राज्य सरकार यांनी तीन वर्षांखालच्या मुलांसाठी उभं केलेलं काम, पालक मेळाव्यांसकट. त्यांना ते पटतंही. "पण मॅडम, माझ्याकडं रजिस्टरं, फोनमधली माहिती, गरोदर बाया, सगळंच. आणखी घरं नका लावू." खरं आहे. नव्या बाईला पगार द्यायचा नसेल तर हा कार्यक्रम निवडायचाच नाही.

५.००

"पाचशेऐवजी साठच कुटुंबं?" देणगीदारांचा पहिला प्रश्न हाच. मी झाकणाची गोष्ट सांगितली, मग जमैका, मग कटक. माणसं वाईट नव्हती. त्यांना अहवालात आकडा लिहायचा होता. साठ घरांना मंजुरी मिळाली, पण एकाच वर्षाची. दोन वर्षांचा पुरावा दाखवायचा आणि काम एक वर्षाचं करायचं, हे मला मान्य नाही असं तिथंच सांगितलं. पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे.

७.१५

ताईला फोनवर कळवलं. ती गप्प. मग म्हणाली, "ताई, बाया घरी येतात साडेसहाला. मी जाणार सातला. खाणीच्या रस्त्याला दिवा नाही. परत कशी येऊ?"

महिनाभर ती ज्यांच्याकडे जात होती त्या आया बाळंतपणानंतर घरीच असलेल्या. कामावर जाणाऱ्यांचा विचार मी केलाच नव्हता.

रात्री पुन्हा कागद काढले. ओडिशातच १९२ गावांत आणखी एक तपासणी झाली होती : काही ठिकाणी घरोघर भेटी, काही ठिकाणी आया-मुलांचा एकत्र गट. गटातल्या मुलांनाही तेवढाच फायदा झाला, खर्च बराच कमी. तर मग रविवारी, उजेडी, आठ-आठ आया एका जागी. ताईला लगेच फोन लावला. रविवारी धुणं असतं, ती म्हणाली, अकरानंतर जमेल. मरीआईच्या देवळाच्या ओट्यावर सावली असते. तिथं कुणाला विचारायचं ते ती उद्या पाहून सांगते. अड्ड्यावरच्या त्या नांदेडच्या बापाची सुट्टी वहीत शोधली. रविवारच आहे.