साखरेवर रुसलेल्या मुलखातील जत्रा



गळिताचा हंगाम आणि जत्रांचा हंगाम आपल्याकडे जोडीनेच येतात. इकडे फडात कोयता चालू, तिकडे गावात पालखीची तयारी. अशाच एका शेतकरी मुलखाची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत. हा मुलूख म्हणजे फ्रान्सच्या दक्षिणेचा, भूमध्य समुद्राकाठचा लांगदोक. २०१६ पासून तो ऑक्सितानी या मोठ्या प्रांतात मोडतो. आपल्याकडे जसा ऊस तशी तिथे द्राक्षे, आणि द्राक्षांची वाइन हाच तिथल्या शेतकऱ्याचा पैसा. लोकांची जुनी भाषा ऑक्सितान, फ्रेंचहून वेगळी. शाळेत आणि कचेरीत ती मागे पडली. जत्रेत मात्र अजून तिचा मान आहे.

लिमू नावाच्या गावी जानेवारीपासून जवळजवळ तीन महिने, दर शनिवार-रविवारी, सोंगांचा उत्सव चालतो. प्रत्येक मंडळाचा दिवस ठरलेला. मुखवटे घातलेली माणसे वाद्यांच्या तालावर चौकातील कमानींखालून सावकाश नाचत जातात. हातात कागदाने सजवलेला लांब बोरू असतो. आपल्या ओढ्याकाठच्या देवनळाचाच तो प्रकार. सकाळच्या फेरीत पुढाऱ्यांची आणि गावच्या भानगडींची नक्कल होते, रात्रीची फेरी मशालींच्या उजेडात निघते. ही रीत गिरणीवाल्यांनी पाडली, असे गावकरी सांगतात. शेवटच्या रात्री उत्सवाच्या राजाचा पुतळा उभा करून त्याच्यावर खटला चालतो, तोही ऑक्सितान भाषेत! मग त्याला जाळतात. आपल्याला शिमगा आठवावा, असाच हा प्रकार.

पेझनास गावचे दैवत म्हणा की सोंग म्हणा, ते आहे एक शिंगरू. लाकडी सांगाड्यावर कापड चढवलेले हे भले मोठे शिंगरू आत दडलेली माणसे नाचवतात. १२२६ साली राजा आठवा लुई याची आवडती घोडी इथे आजारी पडली. राजा परत आला तो घोडी बरी आणि सोबत शिंगरू, अशी आख्यायिका. २००५ साली युनेस्कोने फ्रान्स व बेल्जियममधील अशा मिरवणुकीच्या सोंगांना मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला, त्यांत हे शिंगरूही आहे. सेत बंदरात तर १६६६ पासून, म्हणजे बंदराच्या स्थापनेच्या दिवसापासून, पाण्यावरची झुंज चालते. एक लाल होडी, एक निळी. दोन्हींच्या टोकावरच्या उंच फळीवर भाला-ढाल घेतलेले गडी. होड्या समोरासमोर आल्या की ढालीवर भाला बसतो आणि एक जण पाण्यात!

आता जरा मुद्द्याचे. ज्या साखरेवर आपली चूल पेटते, तीच साखर या मुलखाला एकदा वैरीण झाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाइनचे भाव कोसळले. बागायतदारांचे म्हणणे असे, की उत्तरेकडची बीटाची साखर आणि पाणी घालून व्यापारी नकली माल विकतात. ११ मार्च १९०७ रोजी आर्झेलिए गावचे ८७ शेतकरी मार्सेलँ आल्बेर यांच्यामागे नार्बोनला चालत गेले. पुढे दर रविवारी गर्दी वाढत गेली. ९ जूनला मोंपेलिए शहरात पाच लाखांवर माणूस जमला. त्याच महिन्यात नार्बोनला सैन्याने गोळी चालवली, सहा जण गेले. पलटणीत याच मुलखातली पोरे होती. सतराव्या पलटणीने बंड केले. अखेर २९ जूनला कायदा झाला. वाइनमध्ये घालायच्या साखरेवर जादा कर बसला आणि प्रत्येकाने आपले उत्पादन जाहीर करावे, असे ठरले. दोष साखरेचा नव्हता, भेसळीचा होता, हे आपण ध्यानात ठेवावे.

पण नुसत्या मोर्चाने भाव टिकत नाही. मारोसां गावच्या लहान बागायतदारांनी १९०१ सालीच सहकारी संस्था काढली होती, आणि १९०५ साली एकत्र माल तयार करण्यासाठी स्वतःचे तळघर बांधले. पुढे गावोगाव अशी तळघरे उभी राहिली.

लिमूच्या सहकारी संस्थेने १९९० साली आणखी एक पाऊल टाकले. उत्तम वाइनच्या पिंपांचा जाहीर लिलाव, त्याभोवती जत्रा, आणि त्या पैशातून परिसरातल्या एका गावच्या चर्चच्या पडक्या घंटामनोऱ्याची दुरुस्ती. एका वर्षी या गावाचा मान, पुढच्या वर्षी त्या गावाचा. माल सभासदांचा, पाहुणे बाहेरचे, आणि मनोरा गावाचा. यात देणगीसाठी कुणाच्या दारी जायला नको, की कुणाच्या नावाची पाटी लावायला नको.

आम्हाला यातले हेच फार मोलाचे वाटते. आपल्याही गावी जुनी बारव गाळाने भरलेली आहे, चावडीचे वासे खचलेले आहेत. जत्रेला आपण वर्गणी काढतो, तमाशा आणतो, कुस्त्यांचा फड लावतो, ते हवेच. पण फड उठल्यावर गावात मागे काय राहते? येत्या वार्षिक सभेला नुसती सही करून चहा पिऊन परतू नका. आपापल्या गावची एक जुनी वास्तू मनात धरून या, आणि ती सभेत बोलून दाखवा. मनोरे दुरुस्त झाले ते आधी कुणीतरी बोलले म्हणूनच.